सीटीओ आणायच्या आधी कागद तयार ठेवा

मी पुण्यात कंपनी सेक्रेटरी म्हणून प्रॅक्टिस करते. नवी कंपनी काढणारे दोघं मित्र येतात, खुर्चीत टेकायच्या आत सांगतात, "मॅडम, शेअर्स फिफ्टी-फिफ्टी करा." मी विचारते, कोड कोण लिहिणार? "सीटीओ, म्हणजे तांत्रिक बाजू सांभाळणारा भागीदार, अजून शोधतोय." मग आत्ताच सगळे टक्के वाटून काय करणार?

आधी माणूस. स्वतःला कोडिंग कळत नसेल, तर ओळखीतल्या एखाद्या मुरलेल्या इंजिनिअरला मुलाखतीला बसवा आणि दोनेक महिन्यांचं छोटं काम पैसे देऊन करून घ्या. "हे फीचर आत्ता नको, एक्सेलवर भागवा" असं तोंडावर सांगणारा मला जास्त भरवशाचा वाटतो. तो अजून नोकरीत असेल, तर त्याचं अपॉइंटमेंट लेटर मागून वाचा. संध्याकाळी घरी लिहिलेल्या कोडवरही सध्याची कंपनी हक्क सांगू शकेल, अशी कलमं त्यात बरेचदा असतात.

आता टक्के. 50-50 मध्ये साधा ठरावही अडतो, कारण त्याला निम्म्याहून जास्त मतं लागतात. विशेष ठरावाला 75 टक्के लागतात. म्हणजे 26 टक्केवाला आर्टिकल्समधला (कंपनीच्या अंतर्गत नियमावलीतला) बदल एकट्याने रोखू शकतो. 20 द्यायचे की 30, हे ठरवताना हा नकाराधिकारही मोजा.

शेअर्स सुरुवातीलाच, दर्शनी किमतीला द्या. कंपनीची किंमत वाढल्यावर तेच स्वस्तात दिले की आयकर आडवा येतो. मात्र करारात चार वर्षांचं व्हेस्टिंग (शेअर्स टप्प्याटप्प्याने पक्के होणं) आणि एक वर्षाचा क्लिफ (त्याआधी गेला तर काहीच पक्कं नाही) घाला. समजा 2,400 शेअर्स दिले, दर महिन्याला 50 व्हेस्ट होतात आणि तो अठरा महिन्यांनी गेला: 900 त्याचे, 1,500 दर्शनी किमतीला उरलेल्या फाउंडरकडे. कंपनीने परत घ्यायचे म्हटलं की बायबॅकची भानगड मागे लागते. हीच कलमं आर्टिकल्समध्येही हवीत. तिथे नसलेलं बंधन कंपनीला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने रंगराज खटल्यात म्हटलंय. आणि हो, व्हेस्टिंग तुम्हालाही. इथे बहुतेकांचा चेहरा पडतो.

कोडचं मात्र कुणालाच सुचत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा. पण को-फाउंडर बरेचदा पगारावर नसतो, आणि कंपनी स्थापन होण्याआधी लिहिलेलं तर त्याचं स्वतःचंच. म्हणून लेखी, सही केलेलं असाइनमेंट, म्हणजे कोडचे हक्क कंपनीच्या नावे केल्याचा कागद, घ्या. त्यात मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. एका कंपनीत डोमेन सीटीओच्या भावाच्या नावावर आणि एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनच्या क्लाउड सर्व्हरचं) रूट, म्हणजे मुख्य, खातं त्याच्या जीमेलवर होतं. भांडण झालं, तो गेला, शेअर्सही परत आले. पण लॉगिनचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जायचा.

माणूस चांगला, पण भागीदार म्हणून खात्री नाही? मग टेक लीड म्हणून नोकरीवर घ्या आणि ईसॉप, म्हणजे पुढे ठरलेल्या किमतीला शेअर्स घेण्याचा हक्क, द्या. ग्रँट (हा हक्क देणं) आणि व्हेस्टिंगमध्ये किमान एक वर्ष जावं लागतं. पुढे त्याला दहा टक्क्यांहून जास्त शेअर्स देऊन डायरेक्टर केलं, तर एरवी नवे ईसॉप देता येत नाहीत. डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) मान्यता असलेल्या स्टार्टअपला स्थापनेपासून दहा वर्षं ती सूट आहे, तेव्हा मान्यतेचा अर्ज आधी करून ठेवा.