हाय व्होल्टेजच्या छंदात नवे आहात? आधी या चुका टाळा

नवीन मुलगा आला की त्याचं पहिलं वाक्य काय असणार, हे मला आता पाठ झालंय. "काका, मला टेस्ला कॉइल बनवायची आहे, निदान दोन फुटांची ठिणगी पाहिजे." टेस्ला कॉइल म्हणजे हवेत लांब ठिणग्या सोडणारं हाय व्होल्टेजचं यंत्र. मुलाचं नाव त्यानंतर कळतं. सध्या हातात काय सामान आहे, ते तर खोदून खोदून विचारल्याशिवाय कळतच नाही.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका मित्राचा गाळा आहे, तिथे रविवारी आम्ही काही हौशी मंडळी जमतो. एक निवृत्त टीव्ही मेकॅनिक, एक ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाले, रबाळ्याहून येणारे एक पॅनेल वायरमन आणि कॉलेजची चार-पाच पोरं. नवा माणूस आला की आधी त्याने स्वतःची ओळख करून द्यायची, एवढा एकच रिवाज. त्या पाच मिनिटांतच बहुतेक जण पुढच्या सगळ्या चुकांची यादी स्वतःहून देऊन टाकतात.

ओळख करून देताना स्वप्न नको, सामान सांगा

दोन फुटांची ठिणगी प्रत्येकालाच हवी असते, त्यातून आम्हाला काही कळत नाही. ट्रान्सफॉर्मर कुठला, किती वॉटचा, कशातून काढलेला, हे सांगा. मीटर कुठला वापरता? प्रयोग कुठे करणार, घोडबंदर रोडच्या सातव्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये की कळव्याच्या चाळीतल्या पोटमाळ्यावर? घरात लहान मूल किंवा मांजर आहे का? आणि 230 व्होल्टचं काम आधी कधी केलंय का, निदान एखादा प्लग स्वतः जोडलाय का? "कधीच नाही" हे उत्तर मला मनापासून आवडतं. अशा माणसाला शिकवता येतं. "थोडंफार येतं काका" म्हणणाऱ्याची मात्र धास्ती वाटते, कारण त्याचं थोडंफार कुठे संपतं ते त्यालाही माहीत नसतं.

"किती केव्ही?", म्हणजे किती हजार व्होल्ट, या आकड्याचं कौतुकही पुरे झालं. डास मारायच्या रॅकेटमध्ये हजार-दोन हजार व्होल्ट असतात. बोट लागलं तर माणूस शिवी देतो आणि पुढच्या डासाकडे वळतो. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमध्येही दोन हजारच असतात आणि तिथे शिवी द्यायला माणूस उरत नाही. रॅकेटचा छोटा कपॅसिटर ज्यूलचा जेमतेम काही शतांश साठवतो आणि रिकामा होतो. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर मात्र शेकडो मिलीअँप पुरवतो आणि स्विच बंद होईपर्यंत पुरवतच राहतो. म्हणून व्होल्टच्या जोडीने दोन गोष्टी सांगत चला: करंट किती निघू शकतो आणि ऊर्जा किती साठलेली असते.

मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर आणि "घरात आरसीसीबी आहे"

यावर मी इतक्या वेळा बोललोय की पोरं मागे माझी नक्कल करतात. करू देत.

ऐरोलीचा एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ओळखीत म्हणाला, "एलईडीचे प्रोजेक्ट केलेत, थोडंफार येतं." पुढे एका रविवारी त्याने कॉलेजच्या बॅगेतून डब्याशेजारचा मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढला. भंगारवाल्याकडून आणलेला. सोबत दोन साध्या वायरी, टोकांना क्रोकोडाइल क्लिप आणि प्लायवुडचा एक तुकडा. त्यावर झाडाच्या फांद्यांसारखी जळकी नक्षी. खाण्याच्या सोड्याचं पाणी लावून लाकडावर हाय व्होल्टेज सोडलं की अशी नक्षी उमटते, ते त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. घरी करूनही झालं होतं, बाल्कनीत, आई कामावर गेल्यावर.

मेकॅनिककाकांनी आधी त्याच्या हातातला प्लग काढून घेतला, मग त्याला खुर्चीत बसवला. तो म्हणाला, "काका, काळजी नको, आमच्याकडे तीस मिलीअँपचा आरसीसीबी आहे. करंट लागला तरी लगेच ट्रिप होईल."

अभ्यासू मुलंसुद्धा इथेच फसतात. आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती दिसली की लाइन तोडणारा स्विच, फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांतला फरक बघतो, बाकी काही नाही. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचं, म्हणजे आउटपुटच्या वेटोळ्याचं, सर्किट प्रायमरीपासून, म्हणजे मेनला जोडलेल्या वेटोळ्यापासून, वेगळं असतं. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सेकंडरीचं एक टोक थेट लोखंडी कोअरला जोडलेलं असतं. दुसऱ्या टोकाला हात लागला की करंट अंगातून कोअरकडे जातो आणि तिथून सेकंडरीत परत येतो. प्रायमरीकडे जितका करंट आत तितकाच बाहेर. आरसीसीबीच्या हिशेबाने सगळं ठीक चाललेलं असतं.

त्याला हे पटेना. पुस्तकातलं चित्र काढून दाखवलं तरी मान हलेना. शेवटी वायरमनदादांनी 230 ला 230 चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घेतला, सेकंडरीचं एक टोक अर्थिंगला बांधलं आणि दुसरं टोक व अर्थिंग यांच्यामध्ये 60 वॉटचा बल्ब लावला. बल्ब लखलखीत पेटला. पाव अँपियर करंट, तीस मिलीअँपच्या आठपटीहून जास्त, खुशाल अर्थिंगच्या वायरीतून वाहत होता आणि आरसीसीबी ढिम्म. मग तोच बल्ब थेट फेज आणि अर्थिंगमध्ये लावला तर पेटायच्या आत खटका पडला. पोराने तो खटका स्वतः वर केला, पुन्हा करून पाहिलं, आणि मग बराच वेळ प्लायवुडकडे बघत बसला.

या नक्षीच्या नादात जगभर माणसं मेलीत, त्यातले कित्येक चांगले अनुभवी कारागीर होते. अमेरिकेतल्या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सने, आपल्या कार्यक्रमांत ही पद्धत बंदच केली. आमच्या गाळ्यातही बंद आहे. हातमोजे, रबरी चप्पल, लाकडी पाट, "एक हात खिशात", कुठलीही सबब चालत नाही.

मग त्या ट्रान्सफॉर्मरचं काय करायचं? मी सेकंडरी छिन्नीने कापून काढतो. त्याच जागी जाड वेल्डिंग केबलचे दोन वेढे घातले की वेढ्यामागे साधारण एक व्होल्ट मिळतो आणि करंट शेकडो अँपियर. झकास स्पॉट वेल्डर होतो. ऐरोलीचा पठ्ठ्या आता त्यावर बॅटरी पॅकच्या निकेल पट्ट्या जोडतो. हाय व्होल्टेजचा नाद सुटलेला नाही, फक्त उलट्या टोकाकडून सुरुवात झाली.

कपॅसिटर स्वतःहून डिस्चार्ज झाला असेल, असं धरून चालणं

मायक्रोवेव्हचा कपॅसिटर साधारण एक मायक्रोफॅरडचा असतो. आत बहुधा 10 मेगोहमचा रेझिस्टर असतो, तो शाबूत असेल तर मिनिटभरात कपॅसिटर रिकामा होतो. पण तो रेझिस्टर आतल्या आत तुटला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. खारघरचे एक गृहस्थ बंद ओव्हन उघडून कपॅसिटर घेऊन आले. "महिनाभर पडून होता," म्हणाले आणि खात्री करायला स्क्रूड्रायव्हर आडवा टाकला. फटाक्यासारखा आवाज झाला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाचा चंद्र झाला. नशीब हात मुठीवर होता.

माझी सवय ठरलेली आहे. लांब प्लास्टिकच्या पाइपाच्या टोकाला काही किलोओहमची, जास्त वॉटची रेझिस्टरची माळ. तिच्यातून आधी डिस्चार्ज, मग थेट शॉर्ट, मग दोन्ही टोकांना तांब्याची तार गुंडाळून ती तशीच ठेवायची. शेवटची पायरी लोक गाळतात. मोठे कपॅसिटर डिस्चार्ज केल्यावरही थोडं व्होल्टेज परत दाखवतात, कारण डायलेक्ट्रिकमध्ये, म्हणजे आतल्या इन्सुलेशनमध्ये, चार्ज मुरलेला असतो. गाळ्यात तार नसलेला कपॅसिटर टेबलावर दिसला तर मी तो कोणाचा आहे ते विचारत नाही, आधी काठी घेतो.

"मॉसफेट उडतात, काय करू?"

हा प्रश्न दर पावसाळ्यात बेडकांसारखा उगवतो. ऑनलाइन मिळणारा झेडव्हीएस ड्रायव्हर (दोन मॉसफेट, म्हणजे पॉवर ट्रान्झिस्टर, आळीपाळीने चालवणारं सर्किट), त्यावर जुन्या टीव्हीचा ईएचटी, म्हणजे हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर, आणि दुसऱ्या मिनिटाला धूर. कारणं बहुतेक वेळा दोनच निघतात.

एक, मॉसफेटच चुकीचा. या सर्किटमध्ये ड्रेनवर, म्हणजे मॉसफेटच्या आउटपुटच्या पायावर, सप्लायच्या जवळजवळ 3.14 पट व्होल्टेज येतं. 24 व्होल्ट दिले तर 75. आयआरएफझेड44एन ची मर्यादा 55 व्होल्टची, तो कसा टिकणार? आयआरएफपी250 घ्या, 200 व्होल्टचा आहे. आणि लॅमिंग्टन रोडवर अर्ध्या किमतीत मिळाला म्हणून डझनभर उचलून आणू नका. ठाण्याहून ग्रँट रोडला जायचं म्हणजे दादरला गाडी बदलायची, रविवारी बाजार बंद, त्यामुळे पोरं घाईत मिळेल ते उचलतात. छपाई पुसट, पायांवरचं टिन काळवंडलेलं दिसलं की मी दुकानदाराला नमस्कार करून पुढे जातो.

दोन, सप्लाय हळू चढणं. बेंच सप्लायची नॉब शून्यापासून फिरवत नेली, किंवा एसएमपीएस (मेनवरून डीसी देणारा तयार सप्लाय) एसीच्या बाजूने चालू केला, की व्होल्टेज सावकाश वर येतं. ऑसिलेशन, म्हणजे मॉसफेटचं आळीपाळीने ऑन-ऑफ होणं, सुरू होत नाही, दोन्ही मॉसफेट एकदम ऑन होऊन बसतात आणि सगळा करंट त्यांच्यातूनच जातो. सप्लाय आधी पूर्ण चालू करा आणि स्विच डीसीच्या बाजूला लावा. नव्या पोरांना नॉब हळूहळू फिरवणं म्हणजे काळजी घेणं वाटतं. या सर्किटला ती काळजी मानवत नाही.

आमचे मेकॅनिककाका कुठलीही नवी गोष्ट मेनवर पहिल्यांदा लावताना सिरीज बोर्डवरच लावतात, 100 वॉटचा फिलामेंटवाला बल्ब मध्ये. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, पार्ट वाचतो. पण यातूनही काहींनी भलताच धडा घेतला. 100 वॉटचा बल्ब 0.43 अँपियरपर्यंत करंट जाऊ देतो. मायक्रोवेव्ह ट्रान्सफॉर्मरचं प्रमाण साधारण नऊपट, म्हणजे सेकंडरीला तरीही चाळीसच्या वर मिलीअँप मिळतात. तेवढ्याने माणूस मरतो. सिरीज बल्ब सामानासाठी आहे.

अर्थिंग

टेस्ला कॉइलच्या सेकंडरीचं खालचं टोक सोसायटीच्या अर्थिंगला जोडू नका. ती वायर लिफ्टच्या पॅनेलपासून शेजाऱ्यांच्या टीव्हीपर्यंत सगळीकडे फिरलेली असते आणि तुमची शेकडो किलोहर्ट्झची लहर तिथवर पोचते. सातव्या मजल्यावर स्वतंत्र अर्थ रॉड ठोकायची सोय नसते, हे मान्य. छोट्या कॉइलला जमिनीवर पसरलेली लोखंडी जाळी पुरते. मोठी कॉइल फ्लॅटमध्ये चालवूच नये, मग सेक्रेटरी कितीही ओळखीचा असो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

"हाय फ्रिक्वेन्सी कातडीवरूनच जाते, म्हणून शॉक लागत नाही." चूक. 200 किलोहर्ट्झला शरीरातली स्किन डेप्थ, म्हणजे करंट किती खोलवर जातो ते अंतर, शरीराच्या जाडीपेक्षा कितीतरी जास्त असते, करंट आतूनच जातो. इतक्या वेगाला नसा दाद देत नाहीत म्हणून जाणवत नाही, आणि भाजल्याचं नंतर कळतं.

ठिणगीच्या लांबीवरून व्होल्टेज सांगू नका. सेंटीमीटरला 30 हजार व्होल्ट हा हिशेब दोन सपाट, गुळगुळीत पृष्ठभागांसाठी आहे. टोकदार तारेत त्याहून खूप कमी लागतात. शिवाय एकदा पेटलेला आर्क दोन हजार व्होल्टवरही ओढून चांगला लांब नेता येतो.

हजार व्होल्टच्या मल्टिमीटरने ईएचटीचं व्होल्टेज मोजायला जाऊ नका. घरी डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज मीटरच्या आवाक्यात आणणारी रेझिस्टरची जोडणी, करायचा असेल तर पाव वॉटचा साधा रेझिस्टर साधारण 250 व्होल्टच सहन करतो हे लक्षात ठेवा. एकच 10 मेगोहमचा लावलात तर ठिणगी त्याच्या अंगावरून उडी मारून मीटरमध्ये जाईल. माळ करा, लांबलचक.

डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा नॉबवाला ट्रान्सफॉर्मर) म्हणजे आयसोलेशन नव्हे, तो मेनपासून वेगळं करत नाही. त्याच्या आउटपुटला शून्यावरही फेज असू शकते.

जून ते सप्टेंबर काहीच चालत नाही, अशी तक्रार असते. दोष दमट हवेला देतात, पण करंट सहसा दमट पृष्ठभागावरून पळतो. पीव्हीसीवर, लाकडावर धूळ आणि ओल मिळून वाट तयार होते आणि मग तीच काळी रेघ कायमची. पुसा, वाळवा, जमलं तर वार्निश लावा. लाकडी स्टँडचा हट्ट ठाण्याच्या पावसात सोडा.

पिक्चर ट्यूब टीव्हीतून काढताना तिचा ॲनोड, म्हणजे हाय व्होल्टेजचं टोक, ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या लेपाला जोडलेल्या तारेशी शॉर्ट करा, आणि दोन-तीनदा करा.

व्हॅक्युम ट्यूबवर वीस-तीस हजार व्होल्ट टाकून "बघू काय होतं" करू नका. एक्स-रे होतात.

आणि एसी लावून, खिडक्या बंद करून तासभर कोरोना, म्हणजे टोकांवरून हवेत होणारी हाय व्होल्टेजची गळती, चालवू नका. घसा खवखवायला लागला की तो ओझोन आहे. मशीन बंद करा, खिडकी उघडा, बाहेर जाऊन चहा घ्या.