नवजात बाळाला पहिल्यांदा भूल देणार असाल तर

दोन दिवसांचं बाळ, वजन २.६ किलो, शौचाची जागा जन्मतः बंद. पोट टम्म फुगलेलं, कोलोस्टॉमी (शौचासाठी पोटावर आतड्याचं तोंड उघडणं) तातडीने करायची. भूलशास्त्रातल्या एमडीचं माझं दुसरं वर्ष होतं आणि इतक्या लहान बाळाच्या श्वासनलिकेत ट्यूब घालायची ती माझी पहिलीच वेळ. मोठ्या पेशंटवर हात बसला होता. इथे मात्र तोंडभर जीभ, एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरची झडप) लांबट आणि लिबलिबीत, स्वरयंत्र अपेक्षेपेक्षा कितीतरी वर. 'दिसतंय, दिसतंय' म्हणत मी आत बघत राहिले. पल्स ऑक्सिमीटरचा सूर खाली उतरत होता, तो कानावर पडत होता, पण डोक्यात शिरत नव्हता. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९८ वरून ७० च्या खाली गेलं, नाडी १५० वरून ८० वर आली. मी नाडी वाढवणारं औषध मागत ओरडले, "अ‍ॅट्रोपिन द्या!" मॅडमनी माझा हात बाजूला केला, मास्क लावला आणि बॅग दाबायला लागल्या. "आधी ऑक्सिजन. औषधाचं नंतर बघू." सात-आठ श्वासांत नाडी परत १४० झाली. अ‍ॅट्रोपिनची सिरिंज ट्रेमध्ये तशीच राहिली.

त्या अर्ध्या मिनिटात काय झालं, हे समजलं की नवजात बाळाचं निम्मं शरीरशास्त्र समजलं. मोठा माणूस मिनिटाला किलोमागे ३-४ मिली ऑक्सिजन वापरतो, बाळ ६ ते ८. श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा किलोमागे साधारण ३० मिली, म्हणजे वजनाच्या मानाने मोठ्यांइतकीच. पण ती धरून ठेवायला बाळाला कष्ट पडतात. जागेपणी ते भराभर श्वास घेतं आणि श्वास सोडताना स्वरयंत्र थोडं मिटून घेतं, म्हणून फुप्फुसं फुगलेली राहतात. भूल दिली की हे सगळं सुटतं. फासळ्या मऊ असल्याने छाती खचते, बारीक श्वासनलिका मिटतात. खर्च दुप्पट आणि गाठीला काही नाही, अशी ती स्थिती.

हृदयाचंही तसंच. बाळाच्या हृदयाचा स्नायू ताठर असतो, एका ठोक्याला जास्त रक्त ढकलणं त्याला फारसं जमत नाही. नाडी निम्मी झाली की शरीराला मिळणारं रक्तही जवळपास निम्मं झालं, असं धरून चाला. आणि नवजात बाळाची नाडी मंदावली तर दुसरं कारण सापडेपर्यंत ऑक्सिजनच कमी पडतोय, असं समजा. नीट श्वास देऊनही ती ६० च्या खाली राहिली तर छाती दाबायला सुरुवात करायची. माझा आग्रह एवढाच, की लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं उपकरण) हातात घेण्याआधी शेजारच्या माणसाला सांगा, "सॅच्युरेशन आणि नाडी मोठ्याने म्हणत राहा." आपले डोळे घशात अडकलेले असतात.

ट्यूबबद्दल थोडं. पूर्ण दिवसांच्या बाळाला बहुधा ३ किंवा ३.५ नंबर लागते. ओठापाशी किती सेंटिमीटरवर बांधायची? किलोतल्या वजनात ६ मिळवा. त्या बाळाची साडेआठला बांधली होती. बाळाचं डोकं मागून मोठं असतं, म्हणून उशी डोक्याखाली नको, खांद्याखाली पातळ घडी ठेवा. अख्खी श्वासनलिका जेमतेम ४-५ सेंटिमीटर. हनुवटी छातीकडे झुकली की ट्यूब आत सरकते, मान मागे गेली की वर येते. म्हणून पोझिशन बदलली की दर वेळी छातीच्या दोन्ही बाजू ऐकायच्या.

आपण ज्याला नुसतं 'जेआर' म्हणतो, ते हाताने श्वास देण्याचं सर्किट लिव्हरपूलचे भूलतज्ज्ञ जॅक्सन रीस यांनी १९५० मध्ये आयरच्या टी-पीसला (टी आकाराच्या नळीला) उघड्या शेपटीची बॅग जोडून केलं. व्हेंटिलेटर कितीही चांगला असो, नव्या मुलांनी पहिल्या महिन्यात ही बॅग हातात धरावी असं मला मनापासून वाटतं. ट्यूबमध्ये स्राव साठला, सर्जनने पोट दाबलं, बाळ स्वतः श्वास घ्यायला लागलं, हे तळव्याला आधी कळतं.

आता रक्त. किलोमागे ८५-९० मिली, म्हणजे त्या बाळाच्या अंगात सगळं मिळून सव्वादोनशे मिलीच्या आसपास. पूर्ण भिजलेला एक छोटा गॉज साधारण १० मिली रक्त पितो. दोन गॉज भिजले की जवळजवळ दहा टक्के रक्त गेलं! म्हणून सिस्टर गॉज वजन करून सांगतात, तेव्हा ते लिहून घ्या. सलाइनच्या नळीतला हवेचा बारीकसा बुडबुडाही काढा. हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधली खिडकी अजून पक्की मिटलेली नसते, त्यातून तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो.

वेदनेबद्दल मी हट्टी आहे. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांना कित्येकदा नुसतं स्नायू शिथिल करण्याचं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड देऊन ऑपरेशन करत. त्यांना वेदना फारशा कळत नाहीत, असा समज होता. १९८७ मध्ये कंवलजीत सिंग आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं, की फेंटॅनिल हे वेदनाशामक दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर ऑपरेशनचा ताण खूप कमी येतो. "एवढंसं तर आहे, त्याला काय कळतंय" असं ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. मात्र मॉर्फिनसारखी औषधं जपून द्या. यकृत अजून तयार झालेलं नसतं, ती अंगात रेंगाळतात. अपुऱ्या दिवसांचं बाळ हर्नियासारख्या छोट्या ऑपरेशननंतरही श्वास विसरू शकतं, त्याला रात्रभर मॉनिटरवर ठेवायचं.

ऊब मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण त्या दिवशी मी तिथेच पुन्हा चुकले. बाळ कुडकुडत नाही. खांद्यांच्या मध्ये आणि मूत्रपिंडांभोवती असलेली तपकिरी चरबी जाळून ते ऊब करतं, आणि भुलेत तेही थंडावतं. बाळ गार पडलं की फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त बाळ आईच्या पोटात असतानाच्या जुन्या वाटेने वाहायला लागतं आणि ऑक्सिजन पुन्हा उतरतो. ओटीत आम्ही सगळं केलं होतं. एसी बंद, हातपाय कापसाच्या रोलमध्ये गुंडाळलेले, डोक्याला टोपी, सर्जन घामाघूम. पण एनआयसीयू (नवजात बाळांचं अतिदक्षता युनिट) दोन मजले वर होतं आणि लिफ्ट येईना. मी बाळाला घेऊन पॅसेजमध्ये पंख्याखाली उभी राहिले. वर पोचल्यावर सिस्टरने तापमान घेतलं, ३५.२. ती काही बोलली नाही, फक्त वॉर्मर वाढवला आणि थर्मामीटर माझ्यासमोर धरला.

आता शेवटचा टाका पडत असतानाच मी वॉर्डबॉय मामांना लिफ्ट धरून ठेवायला पाठवते, आणि वॉर्मर तापला का हे फोनवर विचारल्याशिवाय बाळाला टेबलावरून हलवू देत नाही.