ओझेट त्रिकोण: भरती-ओहोटी सांभाळून जंगल आणि किनाऱ्याचा ट्रेक कसा करावा

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक नॅशनल पार्कमधला हा ट्रेक साधारण १५ किलोमीटरचा आहे. ओझेट तळ्यापासून जंगलातून केप अलावा, तिथून किनाऱ्याने दक्षिणेला सँड पॉइंट आणि परत जंगलातून गाडीपाशी. चढ नावालाच. दमछाक होते ती मधल्या पाच किलोमीटरच्या किनाऱ्यावर, आणि तिथे कधी चालायचं हे समुद्र ठरवतो.

म्हणून तयारी वेळापत्रकापासून करा. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; इथे तो हिशेब लागू पडत नाही. नोआचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी समुद्र-हवामान संस्थेचा, भरती-ओहोटीचा तक्ता पाहा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, त्यातली जास्त खोल निवडा. वेळा उन्हाळी घड्याळाप्रमाणे, म्हणजे उन्हाळ्यात तासभर पुढे केलेल्या वेळेप्रमाणे, आहेत का, हे तपासाच. एका तासाची चूक इथे महागात पडते. मग ओहोटीच्या दीडेक तास आधी केप अलावाला पोहोचाल, अशा बेताने निघा.

किनाऱ्यावर तंबू ठोकायचा असेल तर पार्कचा परवाना आधीच काढा. खाणं आणि टूथपेस्टसुद्धा बेअर कॅनिस्टरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या मजबूत डब्यातच ठेवायचं. इथे खरे चोर म्हणजे रॅकून नावाचे प्राणी! पोर्ट एंजलिसला पेट्रोल आणि किराणा भरून घ्या, पुढे ११२ नंबरचा रस्ता आणि मग होको-ओझेट रोड. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

जंगलातली वाट बरीचशी सीडरच्या फळ्यांची आहे. दोन्ही बाजूंना नेचे आणि सलालची झुडपं, वर सिटका स्प्रूसची उंच झाडं. ओल्या फळीवर पाय कधी सटकतो ते कळतही नाही. मऊ सोलचे बूट घाला, पावलं छोटी आणि सपाट टाका. फोटो काढायचा तर आधी थांबा.

केप अलावाला समुद्राकडे तोंड करून डावीकडे वळा. आता गोटे, निसरडं केल्प (समुद्री शेवाळ) आणि आडवे पडलेले प्रचंड ओंडके. भरती चढत असेल तर ओंडक्यांपासून लांब राहा, लाट त्यांना सहज उचलते आणि माणूस चिरडला जाऊ शकतो. पुढे आलेल्या टेकाडाला पाण्याने वेढलं असेल तर काळ्या-लाल वर्तुळाची गोल खूण शोधा. तिथून वरून जाणारी वाट असते, कुठे कुठे दोरही. खूण दिसली नाही तर पाण्यात उतरू नका, ओहोटीची वाट बघा.

वाटेत वेडिंग रॉक्सवर मका (Makah) या इथल्या आदिवासी जमातीच्या पूर्वजांनी कोरलेले चेहरे आणि ऑर्का व्हेल दिसतील. त्यांना हात लावू नका, खडूने गिरवू नका. ओढ्याचं पाणी चहासारखं तपकिरी असतं. रंग झाडपाल्याचा, पण गाळून-शुद्ध करूनच प्या.

दुसऱ्या दिवशी निआ बे गावातलं मका संग्रहालय जरूर पाहा. काही शतकांपूर्वी मका लोकांच्या ओझेट गावातली घरं चिखलाच्या दरडीखाली गाडली गेली. १९७० च्या वादळात ती उघडी पडली आणि पुढच्या उत्खननात सुमारे ५५,००० वस्तू निघाल्या. टोपल्या, गळ, व्हेलच्या शिकारीची हत्यारं तिथे मांडलेली आहेत.