ॲम्ब्युलन्सवर नव्याने रुजू झालात? या चुका टाळा

कोर्स करून गाडीवर येणारी मुलं-मुली तयारीची असतात. औषधांचे डोस पाठ असतात, ईसीजी वाचता येतो. तरी पहिल्या सहा महिन्यांत गडबड होतेच. घाईत एखादी गोष्ट विचारायची राहते, नाहीतर बघायची राहते. ठाणे आणि नवी मुंबईत बरीच वर्षं ड्यूटी केल्यावर ज्या चुका मला पुन्हापुन्हा दिसतात, त्यातल्या काही माझ्याही हातून झाल्या आहेत.

नुसता सेक्टर नंबर घेऊन निघणं

सेक्टर १० वाशीत आहे, नेरूळला आहे आणि खारघरलाही आहे. घाबरलेला माणूस फोनवर फक्त 'सेक्टर दहा' म्हणतो. नोड (म्हणजे वाशी, नेरूळ की खारघर), प्लॉट नंबर, जवळची खूण हे आपणच विचारून घ्यायचं. घोडबंदर रोडला कॉम्प्लेक्सचं नाव पुरत नाही, फेज आणि विंगही लागते. फोन ठेवण्याआधी एवढं सांगा, "एकाला गेटवर उभं करा आणि वॉचमनला लिफ्ट खाली धरून ठेवायला सांगा." नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेलच असं नाही. वर जातानाच जिन्याचं वळण बघून ठेवा आणि पेशंट खुर्चीवर आणायचा की चादरीत, ते तेव्हाच ठरवा.

सिलिंडर 'आहे' म्हणून सही करणं

ड्यूटीचा चार्ज घेताना यादीत ऑक्सिजनसमोर टिक मारून मोकळं होऊ नका. व्हॉल्व्ह उघडा, काटा बघा, फ्लोमीटरची गोळी वर येते का ते बघा. सिलिंडरची चावी जागेवर आहे ना, हेसुद्धा. हिशोब सोपा आहे. गाडीतल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १० लिटर पाणी मावतं, म्हणून काट्यावरच्या (बार किंवा किलोमधल्या) आकड्याला १० ने गुणायचं. काटा ५० वर असेल तर सुमारे ५०० लिटर ऑक्सिजन शिल्लक आहे. पेशंटला मिनिटाला १० लिटर लावला तर तो ५० मिनिटांत संपेल. संध्याकाळी सातला गायमुखहून कळव्याकडे निघालात आणि माजिवड्याला अडकलात, तर ५० मिनिटं कशी जातात ते कळतही नाही. म्हणून काटा निम्म्याच्या खाली आला की मी सिलिंडर बदलूनच घेते. कोणी कुरकुर करो.

'कधीपासून?' एवढंच विचारणं

ही माझी चूक. सकाळी आठच्या सुमारास एका आजोबांचा कॉल होता. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात उचलत नव्हता. शुगर तपासली, बरोबर होती. (ती तपासायचीच, शुगर उतरली तरी पेशंट थेट अर्धांगवायूसारखा दिसू शकतो.) मुलगा म्हणाला, "सकाळी उठल्यापासून असंच आहे." मी कागदावर 'सकाळपासून' लिहिलं आणि गाडी काढली. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "शेवटचे धड कधी होते?" मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि ते तास शेवटचं ठीक दिसल्यापासून मोजतात. मुलाला ठाऊक नव्हतं. सूनबाई घरी राहिल्या होत्या, त्यांचा नंबर मी घेतलाच नव्हता. वीस मिनिटांनी फोन लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "साडेपाचला बाबांनी स्वतः उठून दुधाची पिशवी आत घेतली की!" ते उत्तर दारातच मिळालं असतं. इंजेक्शन वेळेत मिळालं, पण ती वीस मिनिटं आजही माझ्या मनातून जात नाहीत. तेव्हापासून मी घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते, "यांना शेवटचं नीट बोलताना-चालताना कोणी पाहिलं?" ज्याने पाहिलं त्याला गाडीत घेते, नाहीतर त्याचा नंबर तरी घेते. औषधांची पिशवीही सोबत घेते.

नातेवाइकांच्या 'चला, चला'ला बळी पडणं

हृदय बंद पडलेल्या माणसाला उचलून पळायची घाई सगळ्यांना असते. जिन्यावर आणि चालत्या गाडीत सीपीआर, म्हणजे छातीवर दाब देणं, नीट होत नाही. जागेवरच, कडक जमिनीवर सुरू करा. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, दर दोन मिनिटांनी माणूस बदला. घरच्यांपैकी एकाला हातात काम द्या आणि शांतपणे सांगा, "आत्ता यांना इथेच मदत मिळतेय." आवाज चढवू नका, त्यांच्या घरात काय चाललंय ते विसरू नका.

पावसात बोटं गार पडली की ऑक्सिमीटर खोटा आकडा दाखवतो, नेलपॉलिशनेही. बोट पुसा, चोळा, आणि आकड्याआधी पेशंटचा श्वास बघा. छाती ओली असेल तर एईडीचे (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या मशीनचे) पॅड लावण्याआधी कोरडी करा. गाडी चालू असताना उभं राहू नका. खड्ड्यात ब्रेक लागला की डोकं आपलंच आपटतं.

लहान मुलाची केस गेली, म्हणजे मूल वाचलं नाही, तर पुढचा कॉल यायच्या आत पायलटजवळ (गाडीच्या ड्रायव्हरजवळ) दोन शब्द बोला. त्यानेही ते सगळं आरशातून पाहिलेलं असतं. मी पहिल्या वेळी काहीच बोलले नाही. घरी येऊन जेवण पुढ्यात घेतलं आणि घास उतरेना. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पायलटदादाच म्हणाले, "ताई, मलाही झोप नाही लागली." मग आम्ही दोघं बराच वेळ तिथेच उभे राहिलो.