संधीचे टक्के दाखवणाऱ्या साइटची आधी परीक्षा घ्या

भाचीने पदवीसाठी अमेरिकेत अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा कॉलेज जुळवून देणाऱ्या एका साइटने तिला एका विद्यापीठात ‘७२ टक्के संधी’ दाखवली. आम्ही पेढे आणायचेच बाकी ठेवले होते. नकार आला. हे ७२ आले कुठून, हे मामा म्हणून मी विचारायला हवं होतं. आता धाकट्या भाच्याच्या वेळी मी आधी साइटचीच परीक्षा घेतो.

पहिला पेपर बर्कलीचा. बर्कलीसकट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची विद्यापीठं प्रवेश ठरवताना एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण बघतच नाहीत. तेव्हा बर्कली निवडा, एसएटी १२०० भरा, आलेला आकडा लिहून ठेवा. मग १५५० भरा. आकडा हलला, तर त्या साइटला नियमच माहीत नाहीत. टॅब बंद.

दुसरा पेपर विषयाचा. इलिनॉयच्या अर्बाना-शॅम्पेनमध्ये कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळणं एकूण विद्यापीठापेक्षा कितीतरी अवघड आहे. विषय बदलूनही टक्के तेच राहत असतील, तर तो आकडा तुमच्या अर्जाचा नव्हेच.

तिसरा आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा: साइट नागरिकत्व विचारते का, आणि आर्थिक मदत हवी का हे विचारते का? हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच कॉलेजं परदेशी मुलाला मदत लागणार आहे याकडे न बघता निर्णय घेतात. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की चुरस वाढते. भाचीने मदत मागितली होती. साइटने तो प्रश्नच विचारला नव्हता.

गुणांचंही तसंच. बोर्डाचे ८५ टक्के भरले की काही साइट त्याला सरळ अमेरिकन ‘बी’ श्रेणी समजतात. कॉलेजातली माणसं मात्र आपली गुणपत्रिका आपल्या बोर्डाच्या हिशेबाने वाचतात.

मग खरे आकडे कुठे? विद्यापीठाच्या नावापुढे ‘कॉमन डेटा सेट’ लिहून शोधा. बरीच कॉलेजं दरवर्षी ही फाइल स्वतः प्रसिद्ध करतात. तिच्या सी७ या भागात प्रवेश देताना कशाला किती महत्त्व देतात ते कळतं. सी९ मध्ये एसएटीचे गुण असतात, पण शेजारचा टक्का आधी वाचा: किती मुलांनी गुण पाठवले? एसएटी ऐच्छिक असेल तर चांगले गुण मिळालेलेच ते पाठवतात, आणि सगळं कॉलेज आहे त्यापेक्षा हुशार दिसतं. एच६ मध्ये परदेशी मुलांपैकी किती जणांना कॉलेजकडून मदत मिळाली आणि सरासरी किती, हे असतं. मी फाइल तिथूनच उघडतो.

अमेरिकी शिक्षण खात्याचं ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ही भरवशाचं, फक्त त्यातले पगाराचे आकडे सरकारी मदत घेतलेल्या मुलांचे असतात. परदेशी मुलांना ती मदत मिळतच नाही, म्हणजे त्या सरासरीत आपली मुलं नाहीत.

एवढं असूनही मी या साइट वापरतो, पण कधी न ऐकलेल्या कॉलेजांची नावं काढायला. टक्क्यांचा रकाना झाकून.

आणि नोंदणीसाठी वेगळा ईमेल काढा, घरचा फोन नंबर देऊ नका. फुकट साइटचं पोट बऱ्याचदा तुमच्या माहितीवरच भरतं. भाचीचं कॉलेज सुरू झालं, तरी तिच्या जुन्या पत्त्यावर ‘अजून वेळ गेलेली नाही’ अशी पत्रं येतातच आहेत.