इमारतीच्या पायात पाइप टाकून एसी चालवायचाय? पुण्यात या चुका टाळा

कोथरूड-सहकारनगरकडच्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाच्या बैठकांना मी वातानुकूलनाचा सल्लागार म्हणून जातो. दोन मजली तळघर खणायचं ठरलं की कुणीतरी जर्मनीतल्या मुलाकडून ऐकून आलेलं असतं : "एवढा खड्डा खणतोच आहोत, तर पायातच पाइप टाका, जमिनीचा गारवा फुकट मिळेल." कल्पना खुळी नाही. ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये १९८० च्या दशकापासून पायाच्या काँक्रीटमध्ये प्लॅस्टिकचे पाइप गुंफून, त्यातून पाणी फिरवून ते हीट पंपाला (उष्णता एका जागेतून उपसून दुसरीकडे टाकणाऱ्या यंत्राला) जोडतात. झुरिक विमानतळाच्या एका टर्मिनलखाली असे तीनशेहून जास्त पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर उतरवलेले काँक्रीटचे खांब आहेत. व्हिएन्नात मेट्रो स्थानकांच्या भिंतीही या कामाला लावल्या आहेत. घोटाळा होतो तो तिथला नकाशा जसाच्या तसा आपल्या मुरमावर अंथरला की.

एक खुलासा मला दर बैठकीत करावा लागतो, इथेही करतो. जमिनीची उष्णता म्हटलं की लोकांना गरम पाण्याचे झरे आठवतात, पण याचा वज्रेश्वरी किंवा उन्हवऱ्याच्या झऱ्यांशी काही संबंध नाही.

जमीन गार आहे असं धरून चालणं

दहा-पंधरा मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास एकच राहतं, आणि ते त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या जरा वर असतं. व्हिएन्नात ते १०-१२ अंश. पुण्याची सरासरी २५ च्या आसपास, म्हणून आपला खडक २६-२७ अंशांचा. तिकडे हे पाणी नुसतं छतातून फिरवलं तरी खोली गार होते. पुण्यात तसं केलं तर पंपाचं वीजबिल तेवढं येईल. आपली जमीन गारवा देत नाही, एसीने खोलीतून उपसलेली उष्णता ओतायला जागा देते. एप्रिलातल्या ३९ अंशांच्या गच्चीपेक्षा २७ अंशांचा खडक बरा, फायदा एवढाच. पण तो खरा आहे.

ऑफिस किंवा हॉस्पिटल असेल तर तुलना कूलिंग टॉवरशी करा, आणि प्रामाणिकपणे करा. आपला उन्हाळा कोरडा आहे. बाहेर ३८ अंश असताना माठातलं पाणी जास्तीत जास्त जितकं गार होऊ शकतं ते तापमान २०-२१ च्या घरात असतं. टॉवर म्हणजे मोठा माठच, तो २५ अंशांचं पाणी सहज देतो. जमिनीत उष्णता ओतायला लागलात की परत येणारं पाणी ३० च्या वर जातं. म्हणजे नुसत्या तापमानाच्या हिशेबात टॉवरच सरस. जमिनीचं पारडं जड होतं ते पाण्यावरून. टॉवर रोज पाणी हवेत उडवतो, आणि मे महिन्यात ते पाणी टँकरने विकत येतं.

पाइलच्या नादी लागणं

पुण्यात वर काळी माती, मग मुरूम, आणि बहुतेक ठिकाणी काही मीटरवरच काळा पाषाण लागतो. नदीकाठचा भराव सोडला तर इमारत फुटिंगवर (प्रत्येक खांबाखालच्या पसरट काँक्रीटवर) किंवा राफ्टवर (सगळ्या इमारतीखालच्या एकसंध जाड काँक्रीटवर) उभी राहते. वीस-पंचवीस मीटरच्या पाइलची आकृती दाखवणाऱ्याला विचारा, पाइल आहेत कुठे? आपल्याकडे उरतात राफ्ट, रिटेनिंग वॉल (तळघराची माती अडवणारी भिंत) आणि राफ्टखाली मारलेली बोअर.

इथे ढोबळ हिशेब करून बघा. राफ्टमधून चौरस मीटरला १० ते ३० वॅट उष्णता जाते असं तिकडच्या अनुभवातून धरतात. पाव एकराचा, म्हणजे साधारण १,००० चौरस मीटरचा राफ्ट धरला तर १० ते ३० किलोवॅट झाले. दीड टनाचा एक एसी भर दुपारी साडेसहा किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे अख्ख्या राफ्टवर दोन ते चार एसी, आणि वर फ्लॅट चाळीस! जिम, सोसायटीचं ऑफिस अशा सामाईक जागांपुरती ही योजना ठेवली तर कुणाची फसगत होत नाही. रिटेनिंग वॉल तर आणखी लबाड. तिच्या एका अंगाला माती असते, दुसऱ्या अंगाला पार्किंगची हवा. अर्धी उष्णता पार्किंगमध्येच परत येते.

बोअरला मीटरमागे ४० वॅट धरले तर त्याच एका एसीला १६० मीटर लागतात. खोदाई बोअरवेलच्याच मशीनने होते, पण काम पाणी लागल्यावर संपत नाही. यू आकाराचा पाइप सोडल्यावर भोक तळापासून वरपर्यंत बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) आणि वाळूच्या ओल्या मिश्रणाने, म्हणजे ग्राउटने भरायचं. खोदाईचा चुरा वरून ढकलला की मध्ये पोकळ्या राहतात, आणि हवेची पोकळी म्हणजे थर्मासच. बागेत उथळ चर खणून पाइप पुरायचा मोहही टाळा. काळी माती मे महिन्यात आक्रसून पाइपपासून सुटते, नेमकी गरज असते तेव्हाच.

किती वॅट जातील हे पुस्तकात शोधण्यापेक्षा एका बोअरवर दोन दिवस ठरावीक उष्णता सोडून प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. मात्र ती सप्टेंबरात घेऊ नका. पावसाळ्यानंतर खडकाच्या भेगांतून पाणी वाहत असतं आणि आकडा उगाच देखणा येतो.

फक्त ओतत राहणं

युरोपात हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढतात, उन्हाळ्यात परत भरतात. आपण वर्षातले आठ-नऊ महिने ओततच असतो. दर वर्षी पाया थोडा तापत जातो आणि चौथ्या-पाचव्या उन्हाळ्यात तक्रारी सुरू होतात. यावर उपाय दोन. आंघोळीचं पाणी याच लूपवरच्या (पाइपच्या बंद फेऱ्यावरच्या) हीट पंपाने तापवायचं, म्हणजे रोज पहाटे जमिनीतून थोडी उष्णता निघेल. आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ वर येतो तेव्हा लूपचं पाणी गच्चीवरच्या ड्राय कूलरमधून (पाणी न उडवता नुसत्या पंख्याच्या हवेने गार करणाऱ्या जाळीतून) फिरवायचं.

साइटवरचे घात

निम्म्याहून जास्त नुकसान काँक्रीट ओतायच्या आधीच्या दोन दिवसांत होतं. फिटर पाइपही सळईसारखाच तारेने आवळतो, त्याला प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणून द्या. काँक्रीटच्या आत पाइपला एकही सांधा नको, प्रत्येक लूप अखंड हवा. व्हायब्रेटरची सुई पाइपवर टेकवू नये हे मुकादमाला सांगून भागत नाही, सुई चालवणाऱ्यालाच सांगा. लूपमध्ये पाणी भरून, दाब देऊन, गेज लावून ठेवा आणि ओतकाम चालू असताना एक माणूस त्या काट्यासमोर उभा करा. काटा पडला तर काँक्रीट ओलं असेपर्यंतच काही करता येतं.

दुसरी जागा वॉटरप्रूफिंगची. आपल्याकडे तळघराला शहाबादी फरशीचं बॉक्स टाइप वॉटरप्रूफिंग करतात. ते झाल्यावर पाइप बाहेर काढायला भोक पाडलं तर दोष कुणाचा यावर पुढची दहा वर्षं भांडण. स्लीव्ह (पाइप बाहेर काढायची नळी) आणि पडल फ्लँज (तिच्याभोवतीची पाणी अडवणारी चकती) आधीच बसवून घ्या.

एका बंगल्यात आम्ही सगळं नीट केलं, गेजचे फोटोसुद्धा काढले. वर्षभराने पाण्याचा पंप बसवायला आलेल्या माणसाने तळघराच्या जमिनीत अँकरसाठी ड्रिल मारलं आणि दोन लूप गेले. नकाशा होता, माझ्या लॅपटॉपमध्ये! तेव्हापासून पाइप कुठून गेलेत ते तळघराच्या भिंतीवर रंगवून घेतो.

स्ट्रक्चरल इंजिनिअरला हे सगळं शेवटी कळवणं ही वेगळीच चूक. काँक्रीट तापलं की प्रसरण पावतं, आणि त्याला हलायला जागा नसेल तर दर अंशामागे ०.३ मेगापास्कलपर्यंत ताण वाढतो. खडकात घट्ट बसलेल्या पायाला तर जागा कमीच. लूपच्या पाण्याचं कमाल तापमान त्यांच्याकडून लेखी घ्या.

गोठणरोधक ग्लायकोल मात्र यादीतून खोडा. पुण्यात लूप गोठत नाही. ग्लायकोलने पाणी दाट होतं आणि पंपाची वीज वाढते. गंजरोधक घातलेलं साधं मऊ पाणी पुरे.

चालू झाल्यावर कुरकुर

मशीनवाल्याला बोलवायच्या आधी जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्याची तापमानं बघा. फरक साधारण ३ ते ५ अंशांचा असावा. तो ८-१० वर गेला असेल तर प्रवाह कमी पडतोय : गाळणी चोंदली, झडप अर्धी बंद राहिली किंवा लूपमध्ये हवा अडकली. फरक ठीक, पण दोन्ही आकडे मागच्या मेपेक्षा चढे असतील तर जमीन भरत आलीय. मशीन बदलून काही होणार नाही, रात्रीचा ड्राय कूलर चालतोय का ते पाहा. फरक जेमतेम एक अंश असेल तर पाणी कुठेतरी बायपासमधून मधल्या मध्ये फिरतंय.

हेडरवर, म्हणजे सगळे लूप जिथे एकत्र जोडलेत त्या पाइपवर, प्रत्येक लूपला हात लावून बघा. बाकीचे कोमट आणि एकच गार लागला तर त्यात हवा आहे. बाकीचे बंद करून पूर्ण जोराने तेवढाच धुऊन काढा. आणि गेजचा काटा रात्रीतून उतरत असेल तर एकेक लूप बंद करून रात्रभर ठेवा. ज्याचा दाब पडेल तो कायमचा बंद करायचा. राफ्ट फोडून दुरुस्ती होत नसते, म्हणून लूपची संख्या ठरवतानाच दहातला एक जादा धरावा.