ट्रेडवरून वाद होण्याआधी कमिशनरने करून ठेवायची तयारी

फँटसी फुटबॉलची, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधले खरे खेळाडू निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायच्या खेळाची, लीग चालवायची तर ट्रेडवरून (दोन मॅनेजरांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीवरून) वाद होणार, हे धरूनच चाला. बारा जणांच्या लीगमध्ये दोघांचं जमलं की उरलेल्या दहांपैकी कुणाला तरी ते खुपतं. बहुतेक वेळा ट्रेडमध्ये खोट नसतेच, समोरच्याची टीम भारी झाली एवढंच दुखणं असतं. म्हणून कमिशनरचं, म्हणजे लीग चालवणाऱ्याचं, खरं काम ऑगस्टमध्ये, ड्राफ्टच्या (आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या) आधी आहे. ऑक्टोबरात ट्रेड समोर आल्यावर कितीही सरळ मनाने नियम केला, तरी तो कुणाच्या तरी बाजूने केला असंच दिसतं.

सगळ्यात आधी व्हेटो, म्हणजे ट्रेड नाकारण्याचा अधिकार, कशासाठी आहे ते लिहून काढा आणि ड्राफ्टच्या आधी प्रत्येकाकडून ‘वाचलं, मान्य’ असं उत्तर घ्या. माझ्या मते एकच कसोटी पुरते: दोन्ही मॅनेजर आपापली टीम सुधारण्याचा प्रामाणिक प्रयत्न करत असतील तर ट्रेड मंजूर, दोघांत साटंलोटं असेल तर रद्द. ‘ट्रेड एकतर्फी वाटतो’ हे कारण नियमात येऊच देऊ नका. एकतर्फी वाटणं हा अंदाज असतो, आणि या खेळात अंदाज फार लवकर शिळे होतात. २०२३ च्या सीझनचा पहिला रविवार आठवा. रॅम्स टीमचा मुख्य रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) कूपर कप दुखापतीमुळे बाहेर होता आणि एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत निवडलेल्या पुका नकुआ या नवख्या रिसीव्हरने १० झेल घेऊन ११९ यार्ड काढले. त्या आठवड्यात कुणी नावाजलेला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) देऊन नकुआ घेतला असता तर अर्ध्या लीगने लूट झाली म्हणून ओरड केली असती. सीझन संपला तेव्हा त्याच्या नावावर १०५ झेल आणि १,४८६ यार्ड होते, नवख्या खेळाडूसाठी तेव्हाचे दोन्ही विक्रम. खुद्द एनएफएलमध्येही हेच झालं आहे. ऑक्टोबर १९८९ मध्ये डॅलस काउबॉइजने आपला सगळ्यात मोठा खेळाडू हर्शेल वॉकर मिनेसोटा व्हायकिंग्जला दिला, तेव्हा डॅलसने हात धुऊन घेतले असं म्हणणारे थोडेच होते. त्या बदल्यात मिळालेल्या ड्राफ्ट पिक्सच्या (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याच्या हक्कांच्या) जोरावर डॅलसने टीम उभी केली आणि १९९२ ते १९९५ या चार सीझनमध्ये तीन सुपर बोल जिंकले.

साटंलोटं म्हणजे काय, हे मात्र मोघम ठेवू नका, उदाहरणं देऊनच लिहा. खेळाडू उसना देणं, म्हणजे बाय वीकपुरता (खेळाडूच्या खऱ्या टीमला सामना नसतो त्या आठवड्यापुरता) एखादा टाइट एंड (एका जागेवरचा खेळाडू) द्यायचा आणि पुढच्या आठवड्यात परत घ्यायचा, हे बंद. ट्रेडच्या बदल्यात लीगबाहेर पैसे किंवा दुसरी काही सोय, बंद. दोघांनी मिळून एकच टीम मजबूत करायची आणि बक्षीस वाटून घ्यायचं, बंद. रागावून लीग सोडणाऱ्याने जाता जाता आपले चांगले खेळाडू मित्राच्या पदरात टाकणं, तेही बंद. ‘पुढच्या ट्रेडमध्ये तुला सांभाळून घेईन’ ही तोंडी बोली सगळ्यात अवघड, कारण ती कुठेच दिसत नाही. त्यासाठी ओळ अशी लिहा: अ‍ॅपवरच्या ट्रेडमध्ये जे नोंदलेलं नाही ते अस्तित्वात नाही, आणि तशी बोली केल्याचं सिद्ध झालं तर दोघेही जबाबदार.

आता अ‍ॅपची सेटिंग उघडा. ईएसपीएन, याहू, स्लीपर, तिन्हीकडे ट्रेड कसा तपासायचा हे कमिशनरला ठरवता येतं. नवीन लीग सेट करताना लोक ते पान न बघताच पुढे जातात. लीगच्या मतदानाने व्हेटो ही पद्धत मला मुळीच पसंत नाही. याहूवर एक तृतीयांश मॅनेजरांनी विरोध केला की ट्रेड पडतो, म्हणजे बाराच्या लीगमध्ये चार मतं पुरतात. प्लेऑफच्या शर्यतीत असलेले चार जण स्वतःच्या सोयीसाठी सहज एकत्र येतात, आणि त्यांना कारणही द्यावं लागत नाही. मतदान ठेवायचंच असेल तर व्हेटोचं मत देणाऱ्याने साटंलोट्याचा संशय कशावरून आला ते दोन ओळींत लिहावं, अशी अट घाला. ज्याला दोन ओळी लिहिता येत नाहीत त्याचं मत मोजायचं नाही.

तपासणीचा वेळ २४ तास ठेवा. ४८ तास ठेवलेत तर बुधवारी स्वीकारलेला ट्रेड गुरुवार रात्रीच्या सामन्याच्या आत पूर्ण होत नाही, आणि किकऑफ झाला की त्या सामन्यातले खेळाडू लॉक, म्हणजे लाइनअपमध्ये बदलता येत नाहीत. मग कुणाला तरी त्या आठवड्यात भोक पडलेली लाइनअप खेळवावी लागते. त्याच कलमात दुखापतीचं लिहून टाका, कारण ट्रेड स्वीकारल्यानंतर आणि पूर्ण होण्याआधी बातमी आली तर काय, हा प्रश्न येतोच. ९ सप्टेंबर २०२४ ला, सोमवारच्या सामन्याच्या थोडं आधी, सॅन फ्रान्सिस्कोचा रनिंग बॅक क्रिस्चन मॅकॅफ्री खेळणार नाही असं जाहीर झालं. त्याच्या जागी उतरलेल्या जॉर्डन मेसनने १४७ यार्ड धाव घेतली आणि मॅकॅफ्री त्या सीझनचे पहिले आठ सामने खेळलाच नाही. रविवारी ज्याने मॅकॅफ्री घेण्याचा ट्रेड स्वीकारला असेल त्याला सोमवारी रात्री तो मोडावासा वाटणारच. माझा नियम सोपा आहे: स्वीकारल्याची वेळ धरायची, नंतरच्या बातमीची जोखीम घेणाऱ्याची. चुकून बटण दाबलं गेलं तर एका तासाच्या आत दोघांच्या संमतीने ट्रेड मागे घेता येईल, एवढी मोकळीक मात्र जरूर ठेवा.

निवाडा कुणी करायचा, हे नाव घेऊन ठरवा. कमिशनर स्वतः ट्रेडमध्ये असेल तेव्हाचा बदली माणूस ड्राफ्टच्या दिवशीच नेमलेला हवा, आणि तोही ट्रेडमध्ये असला तर त्याच्यामागचा दुसरा. शक्य असेल तर लीगबाहेरचा, खेळ समजणारा एक जण तयार ठेवा. त्याला गुणतक्त्याशी काही देणंघेणं नसतं, म्हणून त्याचा शब्द सगळे ऐकतात. हितसंबंध असलेल्याने निकाल दिला की काय होतं, हे डिसेंबर २०११ मध्ये बास्केटबॉलमध्ये दिसलं. क्रिस पॉलला लेकर्सकडे पाठवायचा तीन टीम्सचा ट्रेड एनबीएचे कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी अडवला, आणि त्या वेळी पॉलची टीम न्यू ऑर्लिन्स हॉर्नेट्स खुद्द लीगच्याच मालकीची होती. मालक या नात्याने निर्णय घेतला असा खुलासा त्यांनी केला, तरी संशय काही मिटला नाही.

तक्रार आल्यावर काय विचारायचं तेही आधी लिहून ठेवा, म्हणजे रागाच्या भरात भलतंच विचारलं जाणार नाही. पहिलं काम, ट्रेड स्वीकारला त्या वेळचे दोन्ही रोस्टर (टीममधल्या खेळाडूंच्या याद्या) आणि गुणतक्ता यांचे स्क्रीनशॉट. दोन दिवसांनी वेव्हर (कुणाच्याच टीममध्ये नसलेल्या खेळाडूंची वाटणी) झाले की चित्र बदलतं आणि मग कुणालाच काही आठवत नाही. दुसरं, दोघांना वेगवेगळा, खाजगी निरोप. मी साधारण असं लिहितो: ‘ट्रेडबद्दल एक प्रश्न आला आहे. आरोप नाही. या ट्रेडने तुमच्या टीमची कुठली जागा सुधारते, आणि आणखी कुणाला विचारलं होतंत का, एवढं उद्या दुपारपर्यंत कळवा.’ उत्तरं काय येतात ते बारकाईने वाचा. ‘माझ्याकडे तीन रिसीव्हर आहेत पण दुसरा रनिंग बॅक बेंचवरचा आहे’ हे उत्तर रोस्टरशी ताडून बघता येतं. ‘असंच वाटलं’ यावर आणखी एक प्रश्न विचारावा. दोघांचं उत्तर शब्दाशब्दाने सारखं आलं तर मात्र सावध व्हा. ट्रेडच्या किमती दाखवणारे तक्ते बघायला हरकत नाही, पण तुमच्या लीगचे गुण पीपीआर (प्रत्येक झेलाला एक गुण) आहेत की अर्धा पीपीआर, सुपरफ्लेक्स (जादा जागी दुसरा क्वार्टरबॅकही खेळवता येणं) आहे की नाही, हे त्यात जुळवून घ्या. सुपरफ्लेक्समध्ये मध्यम क्वार्टरबॅकलाही चांगल्या रिसीव्हरचा भाव येतो, आणि साध्या तक्त्यात तोच ट्रेड लुटीसारखा दिसतो.

नवख्या मॅनेजरचा प्रश्न मला सगळ्यात नाजूक वाटतो. तो फसला तर साटंलोटं होत नाही, म्हणून ट्रेड मोडता येत नाही, आणि मोडूही नये. एकदा तुम्ही त्याच्या वतीने विचार करायला लागलात की ती टीम त्याची राहत नाही. पण त्याला उघड्यावर सोडणंही बरं नव्हे. पहिले तीन आठवडे त्याच्या जोडीला एक जुना मॅनेजर द्या, शक्यतो ज्याच्याशी त्याचा लवकर सामना नाही असा, आणि ट्रेड स्वीकारण्याआधी त्याला विचारायची सवय लावा. सल्ला घ्यायचा की नाही, हे नवख्याने ठरवावं. त्याला पहिल्याच आठवड्यात गाठून दुखापत लपवत खेळाडू गळ्यात मारणाऱ्याला नियमाने अडवता येत नसलं, तरी ‘आपल्या लीगमध्ये हे शोभत नाही’ असं खाजगीत स्पष्ट सांगणं कमिशनरचं काम आहे.

ट्रेडची शेवटची तारीख प्लेऑफच्या बरीच आधी ठेवा. प्लेऑफ पंधराव्या आठवड्यापासून असतील तर अकरावा किंवा बारावा आठवडा ठीक. त्यानंतर बाहेर पडलेल्या टीम्सना हरण्या-जिंकण्याने फरक पडत नाही, आणि खोटे ट्रेड तिथेच जन्मतात. डायनॅस्टी लीग (जिथे खेळाडू वर्षानुवर्षं त्याच टीमकडे राहतात) असेल तर पुढच्या वर्षाचा पिक विकणाऱ्याने पुढच्या वर्षाची फी त्याच वेळी भरावी, हा नियम न चुकता घाला. नाहीतर पिक्स विकून माणूस लीग सोडतो आणि रिकामी टीम दुसऱ्याच्या माथी येते.

शिक्षाही आधीच ठरलेली हवी. साटंलोटं सिद्ध झालं तर ट्रेड उलटवायचा, दोघांचे उरलेल्या सीझनचे ट्रेड बंद, आणि पुढच्या वर्षी लीगमध्ये घ्यायचं की नाही यावर मतदान. खेळून झालेल्या आठवड्यांचे निकाल मात्र बदलू नका, कारण त्यात ज्यांचा काही संबंध नाही अशा टीम्सचे गुण हलतात. निकाल देताना कारण तीन-चार वाक्यांत सगळ्यांना कळवा, खाजगी निरोपातला मजकूर उघड करू नका. निकालावर फेरविचार एकदाच, तोही नवीन पुरावा आला तर, आणि पुढच्या किकऑफच्या आत.